पाहुण्यांसाठी सनई

सबंध जगाशी एकटीने भांडून शेवटी जगालाच "चहा घेऊन जा" म्हणणारी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली आहे, आणि ती माझी विहीण आहे. माझ्या मुलीची, मुग्धाची सासू. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीपायी तुळिंजच्या फ्लॅटमध्ये येऊन रुजलेले. त्या गिरीजच्या, पिढ्यान्‌पिढ्या केळी-नारळाच्या वाडीत वाढलेल्या. आमच्या घरात कुणाला मोठ्याने बोलायचं असेल तर आधी खिडकी लावतात. विहीणबाई खिडकी उघडून बोलतात. यजमान गेल्यावर सगळ्या नातेवाइकांनी त्यांना वाडी विकून फ्लॅट घ्यायचा सल्ला दिला. विहीणबाईंनी सगळ्यांना चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून रिकाम्या गोठ्याला जाळीची दारं बसवून घेतली. गावाला जाणाऱ्या फ्लॅटवाल्यांची कुत्री त्या सांभाळणार होत्या. "शिकलेली माणसं ती," त्या मला म्हणाल्या, "सुट्टीला जाताना कुत्रं ठेवणार कुठे? फ्रिजात?"

तेव्हापासून त्या गोठ्याला गोठा म्हणायची चोरी आहे. पिंजरा हा शब्द तर वाडीच्या फाटकाबाहेर ठेवून यावा लागतो. पिंजऱ्यात पोपट असतो. या खोल्या आहेत, आणि खोल्यांमध्ये आहेत ते पाहुणे. पाहुण्यांची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेला मानवत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी बारसं होतं. ऑस्करचा ओंकार होतो, रॉकीचा रखमाजी. एकदा एक गृहस्थ महाबळेश्वरहून परत आले आणि फाटकात उभे राहून "ऑस्कर, ऑस्कर" म्हणून घसा कोरडा करत राहिले. कुत्रं शेपटीही हलवेना. शेवटी त्यांनी खालच्या मानेने "ओंकार" म्हटलं, तेव्हा ते झेपावलं. विहीणबाई म्हणाल्या, "बघा, किती संस्कारी झालाय."

गाण्याचा शोध मात्र त्यांना अपघाताने लागला. सुरुवातीचे पाहुणे फार रडत. जागा नवी, मालकाचा वास नाही. एकाने सूर लावला की सगळी ओळ रडायला लागायची. एका दुपारी विहीणबाई गोठ्यासमोर चिकूखाली विकायच्या विड्याच्या पानांच्या जुड्या लावत बसल्या होत्या, शेजारी रेडिओ होता. त्यावर सनई सुरू झाली आणि पहिल्या खोलीतलं कुत्रं रडता रडता थांबलं. मग दुसरं थांबलं. थोड्या वेळाने सगळी पोटं जमिनीला टेकली. विहीणबाईंनी रेडिओ बंद केला; माना वर. चालू केला, माना खाली. असं त्यांनी पानं सुकेपर्यंत करून पाहिलं. त्या दिवसापासून वाडीत गाणं सुरू झालं ते झालंच. जावईबापूंनी भिंतीवर मोठा स्पीकर बसवून दिला आणि विहीणबाईंनी एकेक प्रकार पाहुण्यांना चाखवून पाहिला. बासरी चाले. ढोलकी लागली की पाहुणे स्वतःच्याच शेपटीमागे धावत. भजन उत्तम लागू पडलं, पण आठवडाभरात पाहुणे पुन्हा येरझाऱ्या घालू लागले. दुसरा कुणी खचला असता. विहीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला रोज श्रीखंड वाढलं तर तुम्ही तरी काय कराल?" आणि शेजारच्या वाडीतल्या मावशींकडून चर्चच्या गायनमंडळाची मराठी गीतं आणली. पाहुणे गाढ झोपले. गुरांच्या डॉक्टरांनी हे ऐकून हसू दाबलं, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं, "तुम्ही सुई टोचून गप्प करता, मी न टोचता करते. हसायचं कुणी?"

मुग्धाचं लग्न ठरलं तेव्हा आमची ही मानपानाच्या काळजीने अर्धी झाली होती. विहिणीची काय काय मागणी असेल! विहीणबाई बैठकीला आल्या आणि म्हणाल्या, "मला साडी नको, भांडी नकोत. वरातीत फटाके नकोत, आणि वाडीच्या वळणापासून पुढे बँड नको. पाहुण्यांना त्रास होतो." आमच्या साताऱ्याच्या मामांना वाटलं, पाहुणे म्हणजे आपणच; ते गहिवरून म्हणाले, "छे छे, आम्हाला कसला त्रास!" वरात वळणावर आली तशी विहीणबाई स्वतः रस्त्यात उभ्या राहिल्या, हात आडवा करून. ताशा थांबला, ट्रम्पेट थांबला. बँडवाला चिडून म्हणाला, "बाई, वरात आहे की मयत?" त्यांनी त्याच्या ताफ्यातला एकटा क्लॅरिनेटवाला निवडला आणि म्हणाल्या, "तू ये. हळू वाजव, अंगाई वाजवल्यासारखं." माझी मुलगी त्या एकट्या क्लॅरिनेटमागून सासरी गेली. मामांनी त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही. मला विचाराल तर इतकी सुंदर वरात मी पाहिली नाही.

गेल्या वर्षी मात्र काहीतरी बिघडलं. वाडीच्या कुंपणाला लागून एक नवी इमारत उभी राहिली होती, आणि वाडीतलं गाणं महिन्यागणिक चढत चाललं होतं. आम्ही गेलो की अंगणातही ओरडून बोलावं लागे. आणि पाहुणे शांत होईनात. लाडू नावाचं एक म्हातारं लॅब्राडॉर तिथे कायमचं असतं. त्याचे मालक परदेशी गेले ते गेलेच. ते बिचारं कधी हूं की चूं न करणारं, तेही खोलीत गोल गोल फिरू लागलं. विहीणबाईंनी सनई बदलून बासरी लावली, बासरी बदलून भजन, भजन बदलून चर्चची गीतं. काही लागू पडेना. त्यांनी दोष इमारतीला दिला, हवेला दिला, स्पीकरला दिला. आणि दर वेळी आवाज थोडा वाढवला.

एका रविवारी आम्ही वाडीवर असतानाच इमारतीचे सेक्रेटरी आणखी दोघा-तिघांना घेऊन आले. तरुण, चष्मेवाला, भला माणूस दिसत होता.

"काकू, आवाज जरा कमी केलात तर..."

"कुत्र्यांचा?"

"नाही, गाण्याचा."

"वा! तुमच्या गच्चीवर वाढदिवसाला जे वाजतं, त्याने माझ्या नारळाचे झाप थरथरतात. मी आले कधी सांगायला? वाडी माझ्या आजेसासऱ्यांची. तुमची इमारत परवाची. वडीलधाऱ्यांनी लहानांचं ऐकायचं, अशी नवी रीत निघाली का?"

"तसं नाही, काकू. आम्ही घर घेतलं तेव्हा तुमची सनई ऐकूनच घेतलं. माझी आई बाल्कनीत बसायची ऐकत. आता तिला दार लावून घ्यावं लागतं. कुत्रीही आधी भुंकत नव्हती, आता दिवसभर भुंकतात. असंच चाललं तर आम्हाला तक्रार करावी लागेल."

"करा! आधी मला बंद करा, मग गाणं बंद होईल," विहीणबाई म्हणाल्या. "आणि आलाच आहात तर चहा घेऊन जा." त्या मंडळींनी निमूटपणे चहा घेतला आणि ती गेली. जावईबापूंचा चेहरा उतरला. ते आईला म्हणाले, "झालं तेवढं पुरे, आई. बंदच करू आता हे." विहीणबाईंनी ऐकलं नसल्यासारखं केलं आणि चिकूखाली आमच्याकडे पाठ करून पानं लावायला बसल्या. वर स्पीकर गर्जत होता. पाहुणे जाळ्यांवर उड्या मारत होते.

तेवढ्यात वीज गेली.

एकदम इतकं शांत झालं की केळीच्या पानांची सळसळ ऐकू यायला लागली. पाहुणे थबकले. एकाने जांभई दिली. लाडू दोन फेऱ्या घालून धप्पकन खाली बसलं, हनुवटी पायांवर ठेवली. एकामागून एक सगळी ओळ निजली. मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या पानं लावत होत्या आणि मान डोलवत होत्या, मुग्धाला लहानपणी झोपवताना आमची ही डोलवायची तशी, सावकाश. मग त्यांनी वळून गोठ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा!" त्या ओरडल्या. "बघा, व्याही! लागू पडलं की नाही? बोलवा त्या चष्मेवाल्याला! म्हणावं, हेच गाणं हवं होतं यांना!"

मुग्धाने पदराआड तोंड फिरवलं. आमची ही गेले काही महिने तक्रार करत होती की विहीणबाई फोनवर विचारलं एक तर सांगतात भलतंच, मुलगी दिली म्हणून आपल्याला मोजत नाहीत. ती आता खाली बघत राहिली, आणि मग तिने मला कोपराने ढोसलं. विहिणीला तिच्या तोंडावर न आवडणारी गोष्ट सांगणं हे काम आमच्या सात पिढ्यांत कुणी केलेलं नाही. मी उठलो, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "विहीणबाई, वीज गेलीय."

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग स्पीकरवरच्या विझलेल्या लाल दिव्याकडे पाहिलं. मग पुष्कळ वेळ झोपलेल्या कुत्र्यांकडे. हातातली जुडी त्यांनी पुरी बांधली, उठल्या, घरात गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी आम्ही चहाशिवाय घरी आलो.

पुढचे काही दिवस वाडीत ना गाणं लागलं, ना त्या कुणाशी बोलल्या. मला वाटलं, व्याहीपण संपलं. मग मुग्धाचा फोन आला, "बाबा, आईंनी तुम्हाला बोलावलंय. एकट्यालाच." मी गेलो. विहीणबाईंनी मला स्पीकरजवळ खुर्ची दिली, स्वतः आवाजाचं बटण धरून लाडूच्या खोलीसमोर बसल्या आणि सनई लावली. मोठ्या आवाजाने लाडू उठलं. त्या बटण फिरवू लागल्या. नजर बटणावर नाही, लाडूच्या कानांवर.

"वाजतंय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मला नाही." आणखी थोडं फिरवलं. "आता?"

अजून वाजत होतं. अगदी बारीक, लांबच्या देवळातून यावं तसं. लाडूचे कान खाली आले, पोट टेकलं. विहीणबाईंनी बटणावर कुंकवाची खूण केली. "इथे," त्या म्हणाल्या. "याच्या पुढे कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा." मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरतील. त्यांनी कुंपणाकडे तोंड करून इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "तुमच्यासाठी नाही केलेलं! माझ्या पाहुण्यांसाठी केलंय!" वरच्या एका बाल्कनीचं दार उघडलं आणि पांढऱ्या केसांची एक बाई बाहेर येऊन बसली. तक्रार पुढे काही झाली नाही.

जावईबापूंनी त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं आहे. सेक्रेटरी भेटायला आले की त्या ते समोर ठेवून बोलतात, कानात घालत नाहीत. आमच्या हिचा फोन आला की मात्र घालतात, आणि मग दोघी विहिणी तासभर माझ्याबद्दल बोलतात. पण गोठ्याकडे जाताना यंत्र काढून डबीत ठेवतात. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "त्यातून सनई पत्र्यासारखी वाजते. तसली ऐकण्यापेक्षा नको."

परवा दुपारी गेलो होतो. त्या चिकूखाली बसल्या होत्या. नवे पाहुणे आले होते, सगळे पसरून निजलेले. सनई चालू होती. मला येत होती ऐकू, त्यांना नव्हती. मी जवळ बसलो आणि जरा मोठ्याने म्हणालो, "विहीणबाई, चुकल्यासारखं नाही वाटत?"

"माझं भरपूर ऐकून झालंय," त्या म्हणाल्या. "आणि मी माझ्यासाठी कुठे लावते? ज्यांच्यासाठी लावते, त्यांना येतंय ना?"

ऊन केळीच्या पानांवरून खाली उतरलं. थोड्या वेळाने सनई संपली, आणि ते त्यांना सांगावं म्हणून मी हात उचलला. तोवर लाडूने झोपेतून मान वर केली होती, आणि विहीणबाई दुसरं गाणं लावायला उठल्याही होत्या.