एका डब्याची गाडी

रेल्वेच्या तिकीट खिडकीत सगळी नोकरी काढलेल्या माणसाला गाडीत चढता येत नाही, हे मला जपानात जाऊन कळलं.

आमची मनीषा तिकडे एका लहानशा शहरात नोकरीला आहे. मी आणि सुमन, म्हणजे माझी बायको, उमरीहून महिनाभरासाठी लेकीकडे गेलो होतो. एक दिवस ऑफिसला निघताना मनीषानं तिचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून माझ्या खिशात घातला.

"पप्पा, दोन स्टेशनं पुढं बाग आहे, बघून या. आणि हे बघा, गाडीचं दार..."

"रेल्वे मला शिकवू नको!" मी म्हणालो. (हे वाक्य मला अजून ऐकवलं जातं.)

स्टेशन एवढंसं. एकच फलाट आणि रुळापलीकडे थेट भाताची खाचरं. खाचरांत पाणी, पाण्यात सगळं आभाळ उतरलेलं. एक बगळा तर ढगावर पाय देऊन उभा! वेटिंग रूमच्या बाकांवर कुणीतरी घरी शिवलेल्या गाद्या. ना गोंगाट, ना चहावाला.

सुमन हळूच म्हणाली, "अवो, हे स्टेशन हाय का सपान?"

तेवढ्यात गाडी आली. एकच डबा! शाळेतल्या एका मुलीनं पुढचं दार उघडलं, तिच्यामागून सुमन आत गेली. मी मागच्या दारापुढे ऐटीत उभा. जपान आहे, दार आपोआप उघडणार! पुढचं दार बंद झालं. सुमन काचेआडून हवेत बोट खुपसून खुपसून काहीतरी दाखवायला लागली. मला वाटलं, माझ्यामागे काहीतरी बघण्यासारखं आहे. मी वळून बघितलं. काहीच नव्हतं. परत वळलो, तर गाडी चालू!

"अगं ए! उतर, उतर!" मी धावलो. दाराशेजारचं हिरवं बटण मला तेव्हा दिसलं.

पैसे, इथं न चालणारा माझा मोबाईल, दशम्यांचा डबा, सगळं सुमनच्या पिशवीत. पांढरे हातमोजे घातलेले म्हातारे स्टेशनमास्तर बाहेर आले आणि वाकले. मीही वाकलो.

"वाइफ! गो!" मी ओरडलो.

ते पुन्हा वाकले. मीही. अशी चार वेळा वाकावाकी झाल्यावर मला चिठ्ठी आठवली. त्यांनी मनीषाला फोन लावला, मग आणखी कुठंकुठं लावले, मला गादीवर बसवलं आणि हिरवा चहा दिला. (बिनसाखरेचा. शिक्षाच ती!)

मी बसून राहिलो. वारा आला की खाचरातलं आभाळ हलायचं, मग पुन्हा स्थिर व्हायचं. त्या शांततेत मला उमरीचं क्वार्टर दिसायला लागलं. माझी ड्यूटी लांबली की सुमन जेवायची थांबायची. "लई उशीर केला," एवढंच म्हणायची. तोवर ती काय करत असेल, हे मी जन्मात विचारलं नव्हतं. आता कळलं. काहीच करता येत नाही. रुळाकडे बघत बसायचं. हिला ना इथली भाषा, ना कुणाची ओळख. माझ्या हातातला चहा गार झाला.

शेवटी मनीषा सायकलवरून धापा टाकत आली. "पप्पा, आई शेवटच्या स्टेशनापर्यंत गेली होती. आता येईल."

गाडी आली. सुमननं स्वतः बटण दाबून दार उघडलं आणि राणीसारखी उतरली! मागोमाग तीन जपानी आज्या, खिदळत. एकीच्या हातात आमची दशमी. सुमनच्या पायांना वाळू.

"अवो, समुद्र बघितला! गाडी पार समुद्रापस्तोर जाती! ह्या बायांनी मला हाताला धरून पाण्यात उभं केलं!"

"मी इथं जीव मुठीत धरून बसलो, अन् तू पाण्यात?"

"मंग काय करू? गाडीत बसून रडू?"

त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मनीषाला काहीतरी विचारलं. मनीषा तोंडावर हात धरून हसायला लागली.

"काय म्हणून राहिली ती?"

"आईनं तिकडं सगळ्यांना हातवारे करून सांगितलं म्हणे, नवरा हरवलाय. त्या विचारून राहिल्यात, हरवलेले ते हेच का?"

मी कमरेत वाकून कबुली दिली.