डोंगर उजव्या हाताला

देवावर माझा विश्वास आहे, पण त्याच्यावर काम सोपवायची सवय मला कधीच नव्हती. सकाळी दिवा लावायचा, नमस्कार करायचा आणि उठून आपलं आपण बघायचं, ही माझी रीत. सासूबाई म्हणायच्या, "तुझा देव रिटायर झालाय गं. तू त्याला काही करूच देत नाहीस." मी हसून सोडून द्यायचे. संकटात देव धावून आला असं कोणी सांगितलं, की माझ्या मनात पहिला प्रश्न यायचा, फोन का नाही केला?

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. सासूबाई वेंगुर्ल्याहून आमच्याकडे अमेरिकेत, अल्फारेटाला आल्या होत्या आणि पुढच्या आठवड्यात परत जाणार होत्या. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं गावी गेल्यावर व्हायचं होतं. या वयात त्या पुन्हा एवढा प्रवास करतील असं आम्हा दोघींनाही वाटत नव्हतं, पण बोलून कोणी दाखवत नव्हतं. म्हणून मी त्यांना ब्लू रिजच्या डोंगरात न्यायचं ठरवलं. नवरा ऑफिसच्या कामाला बाहेरगावी होता, तेव्हा आम्ही दोघीच. आधी डोंगरमाथ्याभोवतीचा सोपा ट्रेल, म्हणजे पायवाट, मग धबधबा, मग जेवण आणि शेवटी सफरचंदाची बाग, ती बंद व्हायच्या आत.

ट्रेलच्या तोंडाशी बाणाची पाटी होती. मी बाणाच्या दिशेने निघाले, तर त्या जागच्या हलेनात.

"अगं, असं गेलं तर डोंगर डाव्या हाताला येतो."

"आई, हा ट्रेल आहे. देऊळ नाही."

"देऊळ नसेल. डोंगर तर आहे ना? भोवती फिरायचं तर तो उजव्या हाताला ठेवून फिरावं."

मी म्हटलं, इथे सगळे असेच जातात. वारा बोचरा होता, त्यांची शाल गाडीत राहिली होती. त्यांना बाकावर बसवून मी शाल आणायला गेले. परत आले तर बाक रिकामा.

तेवढ्यात दरीतून धुकं वर चढायला लागलं. आधी झाडांचे शेंडे गेले, मग बाणाची पाटी गेली. फोनला रेंज नव्हती. त्या हळूहळू पुढे निघाल्या असतील असं धरून मी बाणाच्या दिशेने भराभर चालू लागले. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला उतार, आणि त्यांना धड दिसतं ते एकाच डोळ्याने. मी हाका मारत होते. धुक्यात आवाज भिजल्यासारखा तिथेच पडत होता. मागे परतणारं एक कुटुंब भेटलं. त्यांना साडीतल्या बाई कुठेच दिसल्या नव्हत्या. रेंज आली की रेंजरना, तिथल्या वनरक्षकांना, फोन करतो, असं ते म्हणाले.

पुढे वाटेला फाटा होता. एक वाट तशीच डोंगराभोवती जात होती, दुसरी कड्यावरच्या सपाट दगडाकडे, जिथून लोक दरीचे फोटो काढतात. तिथे कठडा नाही. त्या कड्याकडे गेल्या असतील तर मला तिकडे धावायला हवं होतं, आणि नसतील तर मी वेळ घालवत होते. मी दोन पावलं कड्याकडे टाकली, मागे आले, पुन्हा वळले. मला नेहमी पुढचं काम दिसतं. त्या दिवशी दिसेना. शाल मांडीवर घेऊन फाट्यावरच बसले आणि देवाला म्हटलं, आता तू बघ. याहून जास्त शब्द मला सुचले नाहीत.

किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. मग समोरून, जिथून कोणी यायला नको होतं तिथून, आवाज आला. नामस्मरणाचा. आणि त्यात मधूनमधून दुसरा एक आवाज, "यू आर डूइंग फाइन, हनी."

धुक्यातून दोघी आल्या. सासूबाईंचा उजवा हात खडकावर, डावा एका उंच, पांढऱ्या केसांच्या अमेरिकन बाईंच्या हातात. त्या बाई उताराच्या बाजूने चालत होत्या.

मी शाल सासूबाईंच्या अंगावर टाकली आणि शालीच्या गाठी मारत राहिले. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हटलं, मी इकडून सुरू करते, तू तिकडून येशील. भेटणारच की. मग हे ढग आले. ही मागून आली, हात धरलान. हीसुद्धा प्रदक्षिणाच घालते बघ."

मी बाईंना विचारलं, तुम्ही उलट्या दिशेने कशा? त्यांनी डावा खांदा दाखवला. एकदा पडल्यामुळे तो कामातून गेला होता. "अशी चालले की माझा चांगला हात डोंगराला लागलेला असतो," त्या म्हणाल्या. मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांना यात नवल वाटलं नाही. "तेच तर मी सांगत होते," त्या म्हणाल्या.

मी फाटा सोडून कड्याकडे गेले असते, तर त्या दोघी धुक्यात माझ्या मागून निघून गेल्या असत्या. यावर मी पुष्कळ विचार केला. आता करत नाही. योगायोग म्हणा, मला वाद घालायचा नाही. मी धावणं थांबवलं तेव्हा त्या भेटल्या, एवढं मला माहीत आहे, आणि त्या बाईंचे आभार मानायला मला अजूनही पुरेसे शब्द मिळालेले नाहीत.

पुढचा रस्ता मी आले तोच होता, ओळखीचा. तरी मी सवयीने म्हटलं, "आई, दमला असाल. इथेच बसा, मी मदत घेऊन येते."

"अर्धी प्रदक्षिणा टाकून बसू? आणि तू परत शाल आणायला जाणार?"

त्या बाईंना शब्द कळले नाहीत, पण त्या मोठ्याने हसल्या. मग आम्ही तिघी निघालो, बाणाच्या उलट, एकमेकींचे हात धरून. सफरचंदाची बाग बंद झाली असणार हे मला वाटेत आठवलं. मी घड्याळ बघितलं नाही. मोकळा होता तो उजवा हात, आणि तो मी ओल्या खडकावर ठेवला.