रिठदचा डाग देणारा

रिठदच्या त्या डाग देणाऱ्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. लिव्हरला गाठ आलेला माणूस आला, की तो उजव्या फासळीखाली बोट रोवायचा, तापलेली सळई टेकवायचा आणि नजर चुकवत म्हणायचा, "जयली गाठ," म्हणजे जळून गेली.

आणीबाणीच्या वर्षी बाबांना गाठ आली. मी अकोल्याच्या दवाखान्यात चला म्हणत होतो, पण ते हट्टाने त्याच्याकडेच आले. सळई निखाऱ्यात सरकवायला तो वाकला, तशी त्याची बंडी वर गेली. उजव्या फासळीखाली डागच डाग होते, जुन्यांवर ताजे.

"हे कायचे?" मी विचारलं.

त्याने बंडी खाली ओढली. "मलेबी गाठ आहे."

"मंग जयली का?"

"जयून राह्यली."

मी बाबांचा दंड धरला. "उठा. याचीच गाठ जात नाई, तुमची काय जाईन?"

बाबांनी हात सोडवला आणि सदरा वर केला. "सर बाजूले. त्यालेच समजते माहं दुखनं."