मिहीरने लावलेली फाइल

चारुता अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. तीन वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या नवऱ्याने, मिहीरने, पहिलं घर घेतलं आणि सहाच महिन्यांत मिहीर गेला. घराची फाइल त्याने लावली होती. त्याचं अक्षर बघवणार नाही म्हणून तिने ती उघडलीच नव्हती.

यंदा टॅक्सच्या कामात मदत करायला शेजारचे चंद्रशेखरकाका आले. त्यांनी विचारलं, "घर घेताना क्रेडिटचं सर्टिफिकेट मिळालं होतं का गं? ते असलं की पहिल्या घराच्या कर्जाच्या व्याजावर टॅक्समध्ये सूट मिळते."

"मिहीरच बघायचा ते, काका."

"सावकाश बघ. मी बसतो इथेच."

बऱ्याच वेळाने तिने फाइल आणली. सर्टिफिकेटवर चिठ्ठी चिकटवलेली होती, 'चारू, हे दरवर्षी टॅक्स रिटर्नला लावायचं. मी विसरलो तर आठवण कर.'

ती रडता रडता हसली. "मीच विसरले की!"

"मागचे रिटर्न दुरुस्त करता येतात," काका म्हणाले. "उरलेली सूट पुढच्या वर्षी वापरू."

उन्हाळ्यात टॅक्सचा परतावा आला. चारुताने मागच्या अंधाऱ्या खोलीला मोठी खिडकी बसवून घेतली. आता दर शनिवारी गल्लीतली मुलं तिथे चित्रं काढायला येतात.