शिरड शहापूरपर्यंत पोचलेलं पेट्रोल

तोंडातला चहा आधी गिळून घ्या, मग सांगतो. मागे ही फजिती ऐकताना एका मित्राच्या नाकातून चहा आला होता. आणि गोष्टही नाकाचीच आहे!

सत्तरीच्या दशकातली ही गंमत. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं आणि मी भूजल खात्यात नवाकोरा लागलो होतो. कनेरगाव नाक्यावरच्या एका पंपाची जमिनीतली टाकी गंजून फुटली. पेट्रोल झिरपत झिरपत शेजारच्या भागाबाईच्या विहिरीत उतरलं. टाकी उकरून काढली, वास मारणारी माती बैलगाड्यांनी माळावर नेऊन उन्हात पसरली, इंजिन लावून विहीर उपसायला घेतली. आणि पाणी साफ झालं की नाही हे ठरवायला सरकारनं कोणाला धाडावं? मला!

मी म्हणजे नियमाचा पक्का. पहिल्याच दिवशी विहिरीभोवती बाभळीच्या काट्या टाकल्या आणि हुकूम सोडला, "गावाचा दोर, गावाची बादली आत जाणार नाही. नमुना बिघडतो. विहिरीत उतरेल तो फक्त माझा दोर!"

काय दोर होता महाराजा! नवा, जाडजूड, सुती. फटफटीवर अगदी पुढ्यात, टाकीवर गुंडाळून ठेवायचो. त्याला कोणाचा हात लागू दिला नाही.

नमुन्याच्या बाटल्या औरंगाबादला जायच्या, पण निकाल कधी येईल ते देवालाही ठाऊक नव्हतं. तोवर माझं नाक हीच प्रयोगशाळा. आणि दर खेपेला बाटली नाकाशी धरावी तर वास!

"उपसा अजून!" मी सांगायचो.

इकडे भागाबाईच्या एकुलत्या एका लेकीचं, सुमनचं, लग्न तोंडावर आलेलं. सगळ्या वऱ्हाडाचा स्वयंपाक ह्याच पाण्यावर व्हायचा.

"जयभीम साहेब," ती एक दिवस आडवी आली. "इंजिनाचं पाणी पाटात पडून राहिलं, तिथं तर वास न्हाई. तुमच्या बाटलीतच काहून येतो?"

"बाई, पाटातला वास वाऱ्यानं उडून जातो. शास्त्र आहे हे."

"व्हय का!" ती म्हणाली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

मला वाटलं, बाईला शास्त्र पटलं!

मग मी शेजारची विहीर तपासली. वास! रस्त्यापलीकडची तांड्याची विहीर तपासली. तिथंही वास! तिथंही काट्या. गावातल्या बाया घागरी घेऊन लांब ओढ्यावर जाऊ लागल्या आणि वाटभर माझा असा उद्धार करायच्या की मला ऑफिसात बसल्या बसल्या उचक्या लागायच्या.

बातमी नवरदेवाच्या गावी, शिरड शहापूरला पोचली. नवरदेवाचे वडील किसनराव, भरघोस मिशांचा दांडगा माणूस, तडक कनेरगावला आले.

"साहेब, मांडवात कोणी बिडी वढली तर आमचं वऱ्हाड पेटंल काय?"

आता यावर हसायचं की नाही? मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "सांगता येत नाही."

झालं! किसनराव वळले. "ईनबाई, लगीन आमच्या दारात. पाणीबी आमचंच."

भागाबाईचा चेहरा एवढासा झाला. लेकीला आपल्या मांडवातून वाटं लावायची तिची केवढी हौस. तिनं पदर डोळ्याला लावला आणि मला फार वाईट वाटलं. म्हणून मी मदतीला धावलो. हो, मदतीलाच!

"थांबा, आधी तुमच्या गावचं पाणी तपासू."

दुसऱ्या दिवशी किसनराव आणि भागाबाई एस्टीनं शिरड शहापूरला आले आणि मी फटफटीवर, खड्डे खात. किसनरावांच्या विहिरीत दोर सोडला, बाटली वर ओढली, हुंगली आणि किंचाळलोच.

"आलं! कनेरगावचं पेट्रोल जमिनीखालून इथवर आलं!"

"अवो साहेब, मधी हिंगोली हाय, औंढा हाय!"

"असू द्या. खालून येणाऱ्याला काय तिकीट लागतं?"

किसनरावांनी बाटली हिसकावून हुंगली. मग दोर हुंगला. मग मला हुंगलं! सदरा, पँट, गुडघे. मिशा फुलवत ते थेट फटफटीपाशी गेले आणि टाकीच्या झाकणाला बोट लावलं. झाकणातलं रबर कधीच झिजून गेलं होतं. प्रत्येक खड्ड्याला पेट्रोल हिंदकळायचं आणि माझा लाडका दोर ते मुकाट पिऊन घ्यायचा.

"ईनबाई!" किसनराव गरजले, "विहिरी ऱ्हाऊ द्या, ह्या साहेबाला उपसा!"

शिरड शहापूर जमून हसलं. भागाबाई विहिरीच्या कठड्यावर बसून इतकी हसली की डोळ्यांतून घळाघळा पाणी. मीही हसलो, दुसरं करणार काय?

कनेरगावात गावाच्याच दोरानं पाणी काढलं. तिन्ही विहिरी लख्ख! लग्न ठरल्याप्रमाणे भागाबाईच्या दारात.

लग्नाच्या सकाळी मी पोचलो तर भागाबाईनं दारातच अडवलं. "साहेब, मांडवात मागून. आधी आंघोळ." तिच्या भावांनी मला धरून विहिरीवर नेलं, साबण चोळचोळून बादल्यांवर बादल्या ओतल्या आणि कोरं धोतर नेसवलं. वऱ्हाडातली एक म्हातारी कौतुकानं जवळ आली.

"नवरदेव हाच व्हय गं?"

"न्हाई वो आत्या," भागाबाई म्हणाली, "नवरदेव तिकडं हाय. हे आमच्या विहिरीतलं पेट्रोल. आज निघालं एकदाचं!"