समईजवळची काचेची बशी
गिरणीतून ताज्या तांदळाच्या पिठाचा वास आला की मला मढच्या घरातली दादाची खोली आठवते. दादा गेला त्या जागी आमच्या रीतीनं पीठ पसरून वर टोपली झाकली होती, शेजारी समई. गेलेलं माणूस दहा दिवसांत येऊन पिठात खूण करून जातं म्हणतात. वहिनी रोज सकाळी टोपली उचलायची, पीठ कोरंच. पुण्यात संशोधन करणाऱ्या पुतणीनं आईचं मन रमावं म्हणून एक काचेची बशी आणली होती. तिच्यातले सुईसारखे स्फटिक टॉर्चच्या जांभळ्या उजेडात आपोआप वळायचे, सरकायचे. वहिनीनं भिऊन बशीला बोटही लावलं नाही, पण म्हणाली, “उजेडावर हलतंय व्हय? मग ठेव समईपाशी.” मी शहाणा, गालात हसलो. दहाव्याच्या सकाळी पीठ तसंच होतं. बशीतली एक सुई मात्र वळून दाराकडे तोंड करून पडली होती. “येऊन गेलं गं तुझं वडील!” म्हणत वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली. पुतणीनं मला पडवीत गाठलं. “काका, समईच्या उजेडानं ते हलत नाही. बशी तुम्ही हलवलीत ना?” मी म्हणालो, “मला वाटलं, तूच.” तिनं नकारार्थी मान हलवली. वहिनीला आम्ही अजून काही बोललो नाही. आणि भुताखेतांवर साऱ्या भावकीला भाषणं देणारा मी, मढला गेलो की त्या रिकाम्या खोलीतला दिवा विझवायला दुसऱ्या कुणालातरी पाठवतो.