घोटीहून आणलेला गठ्ठा

द्वारका चौकाजवळ ट्रॅक्टरच्या शोरूमबाहेर मी स्कूटरचे पंक्चर निघण्याची वाट पाहत होतो. समोर एक टेम्पो थांबला. पन्नाशीच्या एक बाई उतरल्या, मागून त्यांचा नवरा. टेम्पोत भाताच्या ओलसर पेंढ्याचा छातीएवढा गोल गठ्ठा होता.

"मावशी, गठ्ठा घोटीहून कशाला आणला?" विक्रेत्याने विचारले.

"मला बघायला आले तेव्हा चालून दाखवायला लावलं होतं. आता ट्रॅक्टरला हा गठ्ठा घेऊन चालू द्या."

नवऱ्याला लहान ट्रॅक्टर आवडला होता. तोच चालवायला बसला. पुढच्या लोडरने गठ्ठा उचलताच मागची चाके जमिनीवरून सुटली आणि नवरा स्टिअरिंगला मिठी मारून वर गेला. बाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. आम्हीही हसलो.

मोठ्या ट्रॅक्टरने तोच गठ्ठा आवारभर फिरवला. एकही चाक उचलले नाही.

"हा गोठ्याच्या दारात मावायचा नाय," नवरा कुरकुरला.

"दार पाडून दुसरं बांधता येतं. आपलं रान उताराचं हाय. तुम्ही पालथे झालात, तर दुसरा कुठं हुडकू?"

नवरा लाजून टायर न्याहाळू लागला. अश्वशक्ती किती, हेही न विचारता बाईंनी मोठाच ट्रॅक्टर ठरवला.